फुटलेला दर आणि प्रशासकाचे कर्तव्य

टेंडर उघडण्यापूर्वीच एखाद्या प्रतिस्पर्ध्याचा दर कोणाच्या तरी हाती लागला, तर काय करावे, हा प्रश्न नव्याने सेवेत आलेले अधिकारी मला अनेकदा विचारतात. विचारताना त्यांचा आवाज थोडा खाली येतो, कारण प्रश्न काल्पनिक नसतो. कोणीतरी कागद आणून दिलेला असतो, किंवा मोबाइलवर एखाद्या दरपत्रकाचे छायाचित्र येऊन पडलेले असते. प्रशिक्षण संस्थेत जाहिरात कशी द्यावी, अनामत रक्कम किती घ्यावी, तुलनात्मक तक्ता कसा करावा, हे सर्व शिकवले जाते. दर फुटल्याचे कळल्यानंतरच्या पहिल्या तासात काय करावे, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. खरे तर अधिकाऱ्याची कसोटी त्याच तासात लागते. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावे असे ठरवले.

सध्या माझा मुक्काम कुंभकोणमला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना या गावाची ओळख निराळी करून द्यायला नको. तंजावरच्या मराठी राज्यामुळे इथे स्थिरावलेली मराठी घराणी, त्यांची जुनी वळणाची भाषा आणि मंदिरांच्या गोपुरांमधून वाट काढणारे अरुंद रस्ते यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र इथे दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. दर बारा वर्षांनी इथे महामहम भरतो आणि लाखो लोक एका तलावात स्नानाला येतात. १९९२, २००४, २०१६ अशी ही मालिका आहे आणि त्या क्रमाने पुढचे वर्ष २०२८ येते. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसे मृत्युमुखी पडली, हे इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

अशा सोहळ्याची तयारी म्हणजे शेकडो लहानमोठी टेंडरे : रस्ते, कठडे, दिवे, शौचालये, पाणीपुरवठा, तलावाची सफाई, वाहनतळ. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचा अनुभव असलेल्यांना हे चित्र परिचित असेल. पर्वणीची तारीख पंचांगाने ठरवलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक टेंडरच्या मानेवर मुदतीचे जोखड असते, आणि घाई असली की दर फुटण्याची शक्यता वाढते व फुटलेल्या दराकडे काणाडोळा करण्याचा मोहही वाढतो. "आता फेरनिविदा काढली तर पर्वणी निघून जाईल," या एका वाक्यावर किती गैरव्यवहार पचले असतील, याची गणती नाही.

गमतीची गोष्ट अशी की ज्या राज्यात हे गाव आहे, त्या तामिळनाडूने टेंडरच्या पारदर्शकतेसाठी देशात सर्वप्रथम स्वतंत्र कायदा केला. हा कायदा १९९८ चा, त्याचे नियम २००० चे. जिल्हा पातळीवर टेंडर बुलेटिन काढणे, निविदा मागवणारा अधिकारी आणि स्वीकारणारा अधिकारी कोण हे आधी जाहीर करणे, निविदाधारकांसमोर लिफाफे उघडणे, निर्णय होईपर्यंत छाननीची गोपनीयता राखणे, आणि निर्णयाने नाराज झालेल्या निविदाधारकाला दहा दिवसांत शासनाकडे अपील करता येणे, अशी त्याची चौकट आहे. कायदा चांगला आहे. पण कोणताही कायदा दर फुटण्यापूर्वीची आणि फुटल्यानंतरची मनःस्थिती सांभाळत नाही. ते काम माणसांनी करायचे असते.

प्रथम दर फुटतात कुठे ते पाहू. बहुतेकांना वाटते की कार्यालयातला कारकून पैसे घेऊन लिफाफा उघडतो. तसेही होते, पण तो एकच मार्ग नव्हे. अनामत रकमेचेच घ्या. ती रक्कम निविदाधारकाने भरलेल्या दराच्या टक्केवारीत मागितली, तर डिमांड ड्राफ्टच्या आकड्यावरून दर सहज काढता येतो. बँकेतल्या खिडकीपाशी उभा असलेला माणूसही तो काढू शकतो. म्हणूनच ही रक्कम कामाच्या अंदाजित किमतीवर ठरवून सर्वांना सारखी ठेवतात. दुसरा मार्ग पुरवठादाराचा. एकाच कारखान्याचे पंप चार ठेकेदार आपल्या टेंडरात दाखवतात, आणि त्या कारखान्याच्या प्रतिनिधीला चौघांचे आकडे ठाऊक असतात. तिसरा मार्ग ई-टेंडर आल्यानंतरचा आहे. लहान गावांतले अनेक ठेकेदार आपली डिजिटल सहीची डोंगल आणि तिचा पासवर्ड एकाच संगणक केंद्रावाल्याकडे ठेवून देतात. तोच सर्वांची टेंडरे भरतो. सरकारने लाखो रुपये खर्चून आकडे कुलूपबंद केले, आणि किल्ल्या मात्र एकाच खुंटीवर टांगलेल्या! चौथा मार्ग नोकरी बदलणाऱ्या माणसाचा. एका कंपनीतून दुसरीत जाताना तो डोक्यात काय नेतो यावर बंधन घालणे कठीण, पण पेटीत काय नेतो यावर घालता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. दर फुटल्याने सरकारचा फायदाच होतो, असा एक युक्तिवाद मी पुष्कळांकडून ऐकला आहे. प्रतिस्पर्ध्याचा दर कळला की दुसरा त्याहून कमी भरणार, म्हणजे जनतेचा पैसा वाचला, मग बिघडले कुठे? हा युक्तिवाद वरवर साधा वाटतो, पण हिशेबात टिकत नाही.

समजा, एका कामाची अंदाजित किंमत एक कोटी रुपये आहे. पहिल्या ठेकेदाराने प्रामाणिकपणे ९२ लाख भरले. दुसरा अधिक कुशल आहे, त्याची यंत्रसामग्री स्वतःची आहे, आणि तो ८४ लाख भरणार होता. त्याला ९२ चा आकडा कळला तर तो ८४ कशाला भरेल? तो एक्क्याण्णव लाख नव्वद हजार भरेल आणि काम घेईल. सरकारचे जवळजवळ आठ लाख गेले, आणि तुलनात्मक तक्त्यात मात्र सर्व काही व्यवस्थित दिसते. आता उलट स्थिती घ्या. दुसऱ्या ठेकेदाराला ते काम ९५ लाखांखाली परवडतच नाही. तरी ९२ चा आकडा कळताच तो त्याच्या खाली भरतो, काम घेतो, आणि तूट भरून काढतो ती सिमेंट कमी घालून, जादा बाबी मंजूर करवून, किंवा काम अर्धवट सोडून. पहिल्या स्थितीत जनता पैशाने भरते, दुसऱ्या स्थितीत कठडा कोसळल्यावर भरते. तिसरी हानी डोळ्यांना दिसत नाही, पण ती सर्वांत मोठी आहे. आपला दर फुटतो हे एकदा कळले की प्रामाणिक ठेकेदार पुढच्या वेळी टेंडर भरतच नाही. मग उरतात ते आपसात वाटून घेणारे.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. आपल्याकडची दोन उदाहरणे पाहा. २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या ई-टेंडर पोर्टलवर जलनिगमाच्या पाणीपुरवठा योजनांच्या निविदांमध्ये छेडछाड झाल्याची तक्रार पुढे आली. ती एका निविदाधारक कंपनीनेच केली होती. निविदा उघडण्यापूर्वीच त्यातले आकडे वाचले व बदलले गेले असावेत असा संशय निर्माण झाला. संबंधित निविदा रद्द झाल्या, तांत्रिक तपासणी झाली आणि राज्याच्या आर्थिक गुन्हे तपास यंत्रणेने एप्रिल २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यात मी पडत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की संगणक आला म्हणजे लिफाफा अभेद्य झाला, हा आपला समज भाबडा होता. पूर्वी लिफाफ्याची लाख फुटलेली डोळ्यांना दिसत असे. आता फुटलेली लाख पाहण्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागतो.

दुसरे उदाहरण पुण्याचे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या २०१४-१५ मधील काही निविदांविषयी नागरिक चेतना मंच या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने निर्णय देऊन संबंधित कंपन्यांना दंड केला. स्पर्धा दाखवण्यासाठी ओळखीच्या कंपन्यांना नावापुरत्या निविदा भरायला लावल्या होत्या, असे त्यात सिद्ध झाले. कायद्यातल्या सवलतीचा लाभ घेण्यासाठी कंपन्यांनी स्वतःच माहिती दिली, हे विशेष. इथे दर चोरीला गेला नव्हता, तो आपखुशीने वाटून घेतला होता. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये संगनमताने निविदा भरण्यास मनाई आहे, ती याचसाठी. चोरून घेतलेला दर आणि वाटून घेतलेला दर, दोन्हींचा परिणाम एकच. अधिकाऱ्याने मात्र दोन्हींतला फरक ओळखला पाहिजे, कारण पहिल्यात एक निविदाधारक पीडित असतो, दुसऱ्यात कोणीही निविदाधारक पीडित नसतो, पीडित फक्त करदाता असतो.

परदेशातली दोन उदाहरणे मला अधिक शिकवणारी वाटतात, कारण दर फुटल्यावर काय केले, हे त्यांत दिसते. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९८ मध्ये उपग्रह प्रक्षेपणाची कंत्राटे बोईंग आणि लॉकहीड मार्टिन या दोन कंपन्यांना वाटून दिली होती. पुढे उघड झाले की त्या स्पर्धेच्या काळात लॉकहीडची हजारो पाने गोपनीय कागदपत्रे बोईंगमध्ये होती. २००३ मध्ये हवाई दलाने बोईंगची सात प्रक्षेपणे काढून घेतली. त्यांची किंमत सुमारे एक अब्ज डॉलर होती. कंपनीच्या तीन विभागांना नव्या कंत्राटांपासून दूर ठेवले, ते वीस महिने. २००६ मध्ये हे आणि आणखी एक प्रकरण मिटवण्यासाठी बोईंगने ६१.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. म्हणजे फुटलेल्या माहितीचा खर्च तिच्यापासून मिळालेल्या लाभापेक्षा मोठा करून दाखवला गेला.

दुसरे उदाहरण २०१० मधले. हवेत इंधन भरणाऱ्या विमानांच्या प्रचंड कंत्राटासाठी बोईंग आणि युरोपची ईएडीएस यांच्यात स्पर्धा चालू होती. नोव्हेंबरमध्ये हवाई दलाच्याच कार्यालयाकडून चूक झाली आणि एकाच्या मूल्यमापनाची माहिती असलेली सीडी दुसऱ्याला गेली. ही माहिती दराची नव्हती, पण गोपनीय होतीच. दोन्ही कंपन्यांनी चूक कळवली. तपासात असे आढळले की एका कंपनीत फाईल थोडा वेळ उघडली गेली होती, दुसरीत नाही. तेव्हा हवाई दलाने स्पर्धा रद्द केली नाही, आणि प्रकरण दडपूनही ठेवले नाही. जी माहिती एकाने पाहिली होती, तेवढीच माहिती दुसऱ्यालाही दिली आणि दोघांना समान पातळीवर आणले. फेब्रुवारी २०११ मध्ये निर्णय झाला. यातला समान करण्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो. सांडलेले पाणी भांड्यात परत भरता येत नाही, पण सर्वांची भांडी एका पातळीवर आणता येतात.

माझ्या सेवेतला एक प्रसंग सांगतो. एका कामाच्या निविदेची मुदत संपायला चार दिवस होते. एका ठेकेदाराचा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या दरविश्लेषणाची झेरॉक्स घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, हे बघून ठेवा, हा माणूस किती लुटतो ते कळेल. जनतेचा पैसा वाचेल." मी त्याला बसवून ठेवले, लेखाधिकाऱ्यांना बोलावले, आणि त्यांच्यासमक्ष तो कागद न वाचता लिफाफ्यात घालून मोहोरबंद केला. लिफाफ्यावर वेळ, तारीख व तिघांच्या सह्या घेतल्या. आलेल्या माणसाला, हा कागद कुठून मिळाला, हे लेखी विचारले. त्याच दिवशी वरिष्ठांना टिप्पणी पाठवली आणि ज्याचा कागद होता त्याला कळवले. मुदत वाढवून सर्वांना आपापली निविदा मागे घेऊन नव्याने भरण्याची मुभा दिली. यात कसलाही पराक्रम नव्हता. काम तीन आठवडे लांबले, काही लोकांनी बोलही लावले. पण नंतर निकालाविरुद्ध एकही तक्रार आली नाही. तक्रार न येणे, हेच प्रशासनात पुष्कळदा न्याय झाल्याचे चिन्ह असते.

या सर्वांतून मी काही नियम काढले आहेत. ते कुठल्या परिपत्रकात नाहीत, पण कुठल्या परिपत्रकाशी विसंगतही नाहीत.

पहिला नियम असा की माहिती हाती आल्याची नोंद माहितीपेक्षा आधी झाली पाहिजे. कोणी आणली, केव्हा आणली, कोण हजर होते, हे त्याच तासात नस्तीवर आले पाहिजे. ज्या अधिकाऱ्याने उद्या लिहू असे ठरवले, तो उद्यापासून स्वतःच संशयित होतो. मोबाइलवर आलेले छायाचित्र पुसून टाकणे, हा निरागसपणा नसून पुरावा नष्ट करणे आहे. ते तसेच ठेवून, पुढे न पाठवता, सक्षम अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे.

दुसरा नियम म्हणजे दर कोणत्या टप्प्यावर फुटला ते पाहावे, कारण उपाय त्यावर ठरतो. निविदा भरण्याची मुदत संपण्यापूर्वी फुटला असेल, तर मुदत वाढवून सर्वांना दर बदलण्याची संधी द्यावी. फुटलेला आकडा खात्याच्या गुप्त अंदाजपत्रकाचा असेल, तर तो सर्वांनाच जाहीर करून टाकावा. मुदत संपल्यानंतर आणि उघडण्यापूर्वी फुटला असेल, तर प्रश्न एवढाच की भरलेला दर बदलणे कोणाला शक्य होते का. पेटीचे कुलूप, संगणकाच्या नोंदी, प्रवेशाचे अधिकार तपासावेत. बदल शक्यच नसेल तर तक्रार नोंदीवर ठेवून निविदा सर्वांसमक्ष उघडाव्यात. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत एक वेगळा धोका असतो. तांत्रिक गुण देणाऱ्या समितीला दर आधी कळले, तर गुणच त्या दराच्या सोयीने पडतात. अशा वेळी समिती बदलावी. आणि लिफाफे उघडून दर वाचून दाखवल्यानंतर मात्र ते गुपित राहत नाहीत. त्यानंतरची शिस्त केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ मध्येच घालून दिली आहे : वाटाघाटी करायच्या तर फक्त निम्नतम निविदाधारकाशी. एकाचा दर दाखवून दुसऱ्याला, दुसऱ्याचा दाखवून तिसऱ्याला खाली आणणे म्हणजे भाजी बाजार होय.

तिसरा नियम नवख्यांना सहसा सुचत नाही. दर फुटल्याची ओरड हेही एक हत्यार आहे. आपण हरणार असे ज्याला दिसते, तो स्वतःच एखादा कागद फिरवून टेंडर रद्द करवू शकतो. म्हणून दर फुटला की सरळ रद्द, असा यांत्रिक नियम केला, तर टेंडर रद्द करण्याचा अधिकार आपण प्रत्येक लबाडाच्या हाती दिला असे होईल. शिवाय उघडलेली निविदा रद्द करून फेरनिविदा काढली, तर ज्याने प्रामाणिकपणे सर्वांत कमी दर भरला, त्याचाच दर आता जगाला ठाऊक झालेला असतो. शिक्षा त्यालाच होते. त्यामुळे रद्द करणे हा शेवटचा उपाय. त्याआधी खरेखोटे तपासावे, समान पातळीवर आणता येते का ते पाहावे, आणि रद्द केलेच तर त्याची कारणे लेखी द्यावीत.

चौथा नियम निविदाधारकांसाठी. प्रतिस्पर्ध्याचा कागद आपल्या दारी आला तर तो न वाचता सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावा आणि आपल्या टेंडर विभागातल्या कोणी तो पाहिला असेल तर त्याला त्या कामापासून बाजूला करावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १७५ मध्ये सचोटीची संहिता आहे. खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडून मिळालेल्या माहितीचा अनुचित लाभासाठी वापर त्यात निषिद्ध आहे. याचा अर्थ ज्ञान निषिद्ध आहे असा नव्हे. मागच्या वर्षीच्या कंत्राटाचा जाहीर झालेला दर पाहणे, बाजारातला सिमेंटचा भाव जाणणे, माहितीच्या अधिकारात संपलेल्या टेंडरची कागदपत्रे मागणे, हा प्रत्येकाचा हक्क आहे. माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गोपनीयतेला संरक्षण आहे, पण व्यापक लोकहित मोठे ठरल्यास ते मागे पडते. माझ्या मते फरक अगदी सोपा आहे. जी माहिती चौघांसमोर मागता येते ती बाजाराची माहिती, आणि जी मागताना आवाज खाली येतो ती फुटलेली माहिती.

इथे एक आक्षेप येतो, त्याचा विचार केला पाहिजे. एकीकडे पारदर्शकता म्हणता आणि दुसरीकडे गोपनीयता, हा विरोध नव्हे काय? माझे उत्तर असे की टेंडरमधल्या गोपनीयतेला एक मुदत असते. लिफाफा उघडेपर्यंत दर पूर्ण गुप्त, उघडल्यानंतर निविदाधारकांना खुला, आणि निर्णय झाल्यावर सर्व जगाला खुला. आपल्याकडे नेमके उलट घडते. उघडण्यापूर्वी जे चार लोकांना कळायला नको ते कळलेले असते, आणि निर्णय झाल्यावर जे सर्वांना कळायला हवे, ते मागायला माहितीचा अर्ज करावा लागतो.

याच तामिळ प्रदेशात उत्तरमेरूर येथे परांतक चोळाच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभीचा, एक शिलालेख आहे. ग्रामसभेच्या समित्यांचे सदस्य घड्यातल्या चिठ्ठ्यांतून कसे निवडावेत, हे त्यात लिहिले आहे. चिठ्ठी सर्वांसमक्ष एका लहान मुलाने काढायची, आणि ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही तो व त्याचे नातलग अपात्र. ती टेंडरची पद्धत नव्हे, हे मला मान्य आहे. पण घड्यात काय आहे ते काढण्यापूर्वी कोणालाच दिसू नये आणि काढल्यानंतर सर्वांना दिसावे, ही समज तिथे हजार वर्षांपूर्वी होती.

आणि याच कुंभकोणमात १८२८ मध्ये जन्मलेल्या एका मराठी माणसाची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण होते. त्रावणकोरात त्यांच्या कारकिर्दीत मिरीची सरकारी मक्तेदारी संपली, आणि बडोद्यात त्यांनी महसूल वसुलीचे इजारे देण्याची पद्धत मोडीत काढली. बाल सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे देताना १८८१ मध्ये त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने प्रसिद्ध झाली. तीन संस्थानांत ते परके होते. कुठे त्यांची भाषा वेगळी, कुठे प्रांत वेगळा. तरी त्यांचे नाव टिकले, कारण सरकारचे काम कोणाला मिळते हे ओळखीवर ठरू नये, यासाठी त्यांनी पदरचे श्रम खर्ची घातले.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरापासून दूर, परक्या प्रांतात किंवा परक्या देशात नोकरी करतात. कोणी सरकारी कार्यालयात टेंडर उघडतो, कोणी कंपनीत टेंडर भरतो. दोघांनाही हा प्रसंग केव्हा तरी येतोच. त्यासाठी माझी विनंती एवढीच की तो येण्यापूर्वीच आपल्या कार्यालयात दोन गोष्टी ठरवून ठेवा : असा कागद आला तर तो कोणाच्या हाती द्यायचा, आणि त्याची नोंद कोणत्या नोंदवहीत करायची. महामहमाची तारीख जशी आधी ठाऊक असते, तशी या परीक्षेची तारीख ठाऊक नसते. तयारी मात्र करून ठेवता येते.